विंचवाच्या शेपटीतल्या दोघी

आमच्या घरात माणसं तीन. बाबा, माय आणि मी. पण माय चौथ्या माणसाचंही सगळं करायची, आणि ते माणूस आभाळात राहायचं. हे मी सांगते तेव्हा माझी नातवंडं हसतात. हसू देत बापडी. त्यांनी आमची संध्याकाळ पाहिलेली नाही.

सेलू गाव दक्षिणेला जिथं संपायचं तिथं आमचं घर, आणि घराला लागून तेलाचा घाणा. त्यापुढे नुसती वावरं. घाण्याची कुरकुर ही माझी सगळ्यात जुनी आठवण. बैलाच्या डोळ्यांवर झापडं बांधलेली, तो आपला गोल गोल फिरतोय, घाण्यातली लाकडी लाट करकरतेय, आणि जवसाचा तो जड, कडसर वास भिंतींत, गोधड्यांत, आमच्या केसांत मुरलेला. शाळेत पोरी मला तेलकट म्हणायच्या. मी त्यांना तेल काढून उरलेल्या ढेपेचा खडा फेकून मारायची, मग मास्तर मला मारायचे. पण घरी आल्यावर ज्वारीची गरम भाकर, तिच्यावर जवसाची चटणी, चटणीत बोटानं केलेला खळगा आणि त्या खळग्यात घाण्यावरचं कोमट तेल! आता डॉक्टर म्हणतो, आजी, तेल कमी करा. त्याला काय सांगायचं?

पावसाळा सरत आला की दिवेलागणीनंतर दक्षिणेला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरावर, आभाळातला विंचू दिसायचा. त्याची शेपटी खाली वळत जाते, आणि ती नीट वळायच्या आधी दोन चांदण्या अगदी एकमेकींना खेटून आहेत. एक ठसठशीत, एक मिणमिणती. आजही आहेत, चष्मा पुसून बघा. माय ठसठशीत चांदणीला थोरली म्हणायची आणि मिणमिणतीला धाकटी. थोरली म्हणजे मी. धाकटी म्हणजे माझ्या पाठोपाठ जन्मलेली आणि बारशाआधीच गेलेली माझी जुळी बहीण.

आम्ही दोघी मूळ नक्षत्रावर झालो. ते नक्षत्र म्हणजेच ही विंचवाची शेपटी, आणि मुळावर लेकरू झालं की घरात कुणाला तोंड दाखवायची सोय राहत नाही. जोशीबुवांनी सांगितलं, नक्षत्र फिरून येईस्तोवर बापानं लेकींचं तोंड पाहायचं नाही. मग शांत, म्हणजे नक्षत्राची शांती, करायची, आणि त्या दिवशीही आधी तेलात पडलेली सावली पाहायची, मगच उघड्या डोळ्यांनी तोंड. तेलाचा आमच्याकडे काय तोटा! बाबांनी परातभर तेल मांडलं होतं म्हणे. पण तोवर धाकटी राहिलीच नाही. मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, तिला फडक्यात गुंडाळून नेलं, तेव्हा बाबा घाण्याकडे तोंड करून उभे होते. शांत व्हायची होती ना. त्यामुळे बाबांनी आपल्या एका लेकीला कधी पाहिलंच नाही. तेलात एकच तोंड आलं, माझं. हे बाबांनी स्वतः कधी बोलून दाखवलं नाही, आणि मी त्यांना विचारायची हिंमत केली नाही. पण रात्री अंगणात बसले तरी त्यांचं तोंड उत्तरेला असायचं, एवढं मला लहानपणीच कळलं होतं.

माय तापात होती. ताप उतरून उठली तर कुशीत एकच पोर. तिची समजूत घालायला सुईण म्हणाली, गेली कुठं, तिथं तर आहे बघ, तुमच्या नक्षत्रात. त्या बाईनं चांगल्या मनानंच म्हटलं असेल. पण मायनं ते धरून ठेवलं, आणि त्या दिवसापासून ती त्या दोन चांदण्यांकडे इतकं टक लावून पाहू लागली, की तिला असं काही दिसलं जे गावात कुणालाच दिसत नव्हतं. थोरली चांदणी रोज सारखी नसायची. मधूनच एखाद्या संध्याकाळी ती उतरायची, मंद व्हायची, आणि धाकटीच्या जवळपास बरोबरीला यायची. माय म्हणायची, “समान झाल्या.” आणि समान झाल्या म्हणजे धाकटीनं थोरलीला ओढायला सुरुवात केली. एकटीला करमत नाही तिला. ती मला न्यायला आली आहे.

मग माय मला हाताला धरून आतल्या खोलीत घालायची. दाराला कडी. ओट्याच्या कोपऱ्यावर भाकरीचा घास, घासावर तेलाची धार. दक्षिणेकडे तोंड करून म्हणायची, “घे माय, खाय अन् जाय.” आपल्याच पोटच्या पोरीला, दारावर आलेल्या परक्याला सांगावं तसं. ते म्हणताना तिचा आवाज फाटायचा. नंतर आत येऊन मला बजावायची, “बाहेरून कोणी हाक मारली तं ओ देऊ नको. तिचा आवाज तुह्यासारखाच असन.”

त्या खोलीत मी अंधारात बसून राहायची आणि माझ्याच आवाजात मला कुणी हाक मारतंय का, ते ऐकायची. तुम्हाला खोटं वाटेल, पण यायची हाक. घाणा थांबलेला असायचा, बैल सुटलेला असायचा, आणि मागच्या वावरातून कुणीतरी म्हणायचं, इंदू. मी परकराच्या काठाचा बोळा तोंडात कोंबायची. या वयातही मला संध्याकाळी कुणी मागून हाक मारली तर मी लगेच ओ देत नाही. सुनेला वाटतं मला ऐकू कमी येतं. वाटू दे.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे, त्या वर्षी मायचं हे फारच वाढलं. भुलाबाई बसली होती. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून महिनाभर पोरी मातीची भुलाबाई मांडतात, रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत ओळखायचा खेळ असतो. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते, आतून कसला आवाज येतो त्यावरून ओळखायचं, लाह्या, फुटाणे की खोबरं. आमची टोळी यात तरबेज होती, आणि मी टोळीची म्होरकी. त्यातले पुनवेनंतरचे पंधरा दिवस पितरांचे. संध्याकाळी चंद्र नसतो, आभाळ काळंभोर, विंचू स्पष्ट. नेमक्या त्या दिवसांत माय मला सोडेना. पोरी दाराशी येऊन ओरडायच्या, “इंदू, चाल ना वो! तुह्याबिगर खिरापत ओळखू नाई येत!” आणि माय आतून माझ्या तोंडावर हात दाबून धरायची, कारण त्या पोरींच्या आवाजात धाकटीचाही आवाज मिसळलेला असेल. एका संध्याकाळी तर तिनं आपल्या पदराची गाठ माझ्या परकराला मारली आणि तशीच चुलीशी बसली. ती उठली की मी उठायची, ती बसली की मी बसायची. कढी उतू गेली, भाकर करपली, आणि नेमके तेव्हा मोठेबाबा दारात येऊन उभे राहिले.

मोठेबाबा वाईट नव्हते. मोठ्या आवाजाचे होते, आणि त्यांना घरात गडबड सहन व्हायची नाही. ते ओरडले, “हे काय चालू आहे गा? पोरगी आहे का वासरू आहे, बांधून ठेवाले?”

मायला त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर बाई डोकं उघडं टाकत नाही, आणि त्याच्याशी सरळ बोलतही नाही. जे सांगायचं ते लेकराला सांगायचं, ते त्यांना ऐकू जातं. पदर नाकापर्यंत ओढून माय मला म्हणाली, “सांग वो त्याहीले. म्हणा, पितरायचे दिवस आहे. समान होऊन राह्यल्या त्या. म्हणा, एक नेली, आता दुसरी नाई देत.”

मोठेबाबांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. ज्या हातांनी धाकटीला नेलं ते त्यांचेच होते ना. मग बाबांना बाहेर बोलावून ते हळू आवाजात बोलू लागले. “नागपूरले ने तिले. अशा लोकायचं इस्पितळ आहे तिकडं. उद्या पोरीले काही करून बसली तं कोणाच्या तोंडाकडं पाहशीन?”

नागपूरचं ते इस्पितळ गावाला माहीत होतं. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईला तिथं नेलं होतं. तिचा नवरा एकटाच परत आला आणि वर्षाच्या आत त्यानं दुसरी केली. त्या बाईचं नाव घ्यायलासुद्धा लोक कचरायचे. गाठ ताणत मी दाराशी येऊन ऐकत होते. माय जाणार. माझ्यामुळे जाणार.

बाबा कमी बोलणारा माणूस. पायानं जमिनीवर सांडलेलं जवस गोळा करत म्हणाले, “पण दादा, थे चांदणी खरंच उतरत असन तं?”

“मी रोज आभाळ पाह्यतो. मले काऊन नाई दिसत?”

“तुमी पाऊस पाह्यता. तिच्याकडं कोण पाह्यते?” बाबा थांबले. “अजून एका माणसाले दिसलं तं मानाल का?”

“कोणाले? तुले?”

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांना दक्षिणेकडे बघायचंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी जे सुचवलं ते ऐकून मोठेबाबासुद्धा जरा हसले. म्हणाले, पोरी खिरापत ओळखतात तसंच करू. झाकण काढायचं नाही. इंदूची माय पुढच्या अंगणातून पाहील आणि माझ्या कानात सांगेल, मोठी की समान. इंदू घाण्यामागून पाहील, तुमच्यासंगं, आणि तुमच्या कानात सांगेल. मग आपण दोघं भाऊ ओट्यावर येऊन डबा उघडू. अवसेपर्यंत रोज. एकीचं दुसरीशी जमलं तर नागपूरचं नाव काढायचं नाही. मोठेबाबा म्हणाले, “अन् नाई जमलं तं अवसेच्या दुसऱ्या दिवशी मीच टेसनावर नेऊन घालतो.” ठरलं.

मला मात्र कुणी विचारलं नाही. समान झाल्या त्या संध्याकाळी मी कायम कडीच्या आत असायची, म्हणजे मी त्या चांदण्या फक्त मोठ्या-लहान अशाच पाहिलेल्या. समान कशा दिसतात हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मनात कुठंतरी मलाही वाटायचं की मायच्या डोक्यात काहीतरी आहे, बाहेर काही नाही. लेकराला एवढा आधार पुरतो. आता मला स्वतःच जाऊन बघायचं होतं. दिसलं नाही, तर माय नागपूरला. दिसलं, तर माय घरी राहील, पण मग ती दारात आलेली आहे हे खरं, आणि ती मलाच न्यायला आलेली आहे. मी एवढीशी पोर, पण ही गोष्ट मला अगदी स्वच्छ कळत होती. जेवण जाईना.

पहिल्या दोन-तीन संध्याकाळी थोरली चांगली ठसठशीत होती. मी मोठेबाबांच्या कानात सांगायची, “मोठी.” ओट्यावर बाबाही सांगायचे, “मोठी.” मोठेबाबा सुपारी कातरत म्हणायचे, “हे तं कोणीबी सांगन.” मग ढग आले. एक दिवस गेला, दुसरा गेला. आता एकच संध्याकाळ उरली, सर्वपित्री अवसेची.

त्या दिवशी घरात उडदाचे वडे, कढी, तांदळाची खीर. मायनं पितरांची पानं वाढली, आणि सगळ्यात शेवटी एक लहानसं पान वेगळं वाढलं, ज्याचं नाव कुणी घेतलं नाही. मोठेबाबाही त्या पानाकडे न बघता जेवले. दुपारी ढग फाटले. सांज झाली आणि आभाळ इतकं स्वच्छ निघालं, की मला रडू यायला लागलं.

घाण्यामागं ढेपेची पोती रचलेली असायची. मोठेबाबा त्यांना टेकून उभे राहिले आणि मी वर पाहिलं. विंचू होता. मी शेपटीवरून खाली आले. आणि अगं माय! थोरली उतरलेली होती. पार विझलेली नव्हे, पण तिचा ठसका गेलेला, आणि धाकटी तिच्या बाजूला जवळपास तेवढीच. ज्यानं त्यांना रोज पाहिलं नसेल त्याला काही कळलं नसतं. मला मात्र कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. दोघी शेजारीशेजारी उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.

“सांग वो,” मोठेबाबा म्हणाले.

मला वाटलं, मोठी म्हणावं. एक शब्द, आणि धाकटी खोटी ठरेल, मला कुणी बोलावत नाही असं होईल. वावराकडून वारा येत होता आणि मला खरंच हाक ऐकू येत होती. पण त्याच वाऱ्यावर पुढच्या अंगणातून मायच्या बांगड्यांचा आवाज आला. ती हात जोडत असणार, धाकटीला.

“समान,” मी म्हटलं.

“नीट पाह्य.”

“समान आहे मोठेबाबा. ती आली आहे.” आणि मी त्यांच्या धोतराला मिठी मारली.

त्यांनी मला उचलून घेतलं, इतकी मोठी घोडी मी, आणि तसंच ओट्यावर आणलं. बाबा आधीच उभे होते. मोठेबाबा म्हणाले, “पयले तू बोल.” बाबा खाली बघत म्हणाले, “समान म्हणे.” मोठेबाबांनी मला खाली ठेवलं. मग म्हणाले, “जमलं,” आणि चपला शोधू लागले, त्या पायातच होत्या.

मला वाटलं, आता माय मला पोटाशी घेईल. मी तिला वाचवलं होतं ना! पण दाराआड जाऊन उभी राहिलेली माय बाहेर आली ती डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, मोठेबाबा समोर असताना, आणि माझे दोन्ही दंड धरून विचारू लागली, “तुले दिसली? खरंच दिसली तुले?” मी मान डोलावली. तशी ती मटकन खाली बसली आणि तिनं जो हंबरडा फोडला, तो शेजारच्या चार घरी गेला असेल. “मले वाटे मी येडी आहे वो,” ती म्हणत होती, “येडी असली तं बरं, म्हणो. नागपूरले टाकलं तं टाकलं, म्हणो. पोरगी तं राहीन!”

मोठेबाबा पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलले. “पोरगी राहीन, सूनबाई,” म्हणाले. “मी म्हणतो ना.” आणि अंधारात निघून गेले. बाबांनी कंदील मोठा केला. त्या संध्याकाळीही त्यांनी वर पाहिलं नाही.

पोरगी राहिली. मायला कुणी नागपूरला नेलं नाही. पण त्या दिवसापासून घरात वेडं कुणीच उरलं नाही, आणि त्यामुळे भीतीला जागाच जागा झाली. आता कडी लावायला मी तिला मदत करायची. मी शिकले, वर्ध्याला शाळेत मास्तरीण झाले, लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, आणि प्रत्येक पावसाळ्याच्या शेवटी मी वर बघितल्याशिवाय राहिले नाही. समान झालेल्या दिसल्या की त्या दिवशी पोरांना अंगणात जाऊ द्यायची नाही. नवरा चिडायचा. मी त्याला कारण सांगितलं नाही.

मग एकदा आमच्या शाळेत कॉलेजातले एक प्राध्यापक दुर्बीण घेऊन आले, पोरींना आभाळ दाखवायला. मी धीर करून त्यांना त्या चांदणीचं विचारलं. माणूस खूश झाला. म्हणाला, बाई, ती एक नाहीच मुळी. ती ठसठशीत दिसते ना, तीच दोन आहेत. इतक्या जवळ, की जवळपास एकमेकींना टेकलेल्या, कुठल्याच दुर्बिणीतून वेगळ्या दिसायच्या नाहीत. दोन दिवस पुरे व्हायच्या आत त्या एकमेकींभोवती फेरी घालतात. एक समोर आली की मागचीचा उजेड अडतो, म्हणून मंद वाटते. बाजूची मिणमिणती आहे तशीच असते, तिचा या फेरीशी संबंध नाही. कुणी कुणाला ओढत नाही? मी विचारलं. तो हसून म्हणाला, ओढतात की, म्हणून तर फिरतात. पण पडत कुणी नाही.

मी घरी आले तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं, की लाज वाटली. बाबा गेलेले होते, आणि माय तेव्हा माझ्याकडे वर्ध्यालाच होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, चांदण्या तिच्यापुरत्या संपलेल्या. ती खाटेवर बसून लसूण सोलत होती. मी तिच्यापाशी बसून सगळं सांगितलं, प्राध्यापकांनी सांगितलं तसंच. दोघी एकाच उजेडात आहेत, माय. एक समोर येते, एक मागं राहते. कुणी न्यायला येत नव्हतं.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मानणार नाही. ती लसूण सोलत राहिली. टरफलं लुगड्याच्या ओच्यात गोळा करत राहिली.

“म्हणजे दोघीबी एकाच जाग्यावर?”

“हो माय.”

“अन् आता समोर कोण आहे?”

वर्गात एखाद्या पोरीनं हे विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कधी ही, कधी ती. मायला मी म्हणाले, “मी आहे ना, माय.”

तिनं न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेमकं माझ्याकडे नाही, जरा माझ्या खांद्यामागं. आणि इतक्या वर्षांत जो मायेचा आवाज मी तिच्या तोंडून धाकटीसाठी कधी ऐकला नव्हता, त्या आवाजात म्हणाली, “मंग तिलेबी येऊ देजो वो समोर, कधी कधी. लहान आहे थे.”

मी हो म्हटलं.